च कुठे चिकटलाय, ते आधी बघा

प्रश्न: गुहागरच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची वाडी आहे. गेली सहा वर्षं आम्ही घरीच निवास-न्याहारी चालवतो. स्वयंपाकाचं सगळं मी बघते आणि पाहुण्यांशी इंग्रजीत लिहिण्याचं कामही माझ्याकडेच आलं आहे. मागच्या महिन्यात बंगळूरुच्या एका कुटुंबाने शुक्रवारपासून तीन दिवसांसाठी विचारलं. जेवणाबद्दल मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'वी ओन्ली सर्व्ह फिश ऑन वेन्सडे, फ्रायडे अँड संडे.' त्यांचं लगेच उत्तर आलं, आम्ही शाकाहारी आहोत, तीनातले दोन दिवस मासेच असतील तर आम्हाला जमणार नाही. मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी दुसरीकडे खोल्या घेतल्या होत्या. मुलगी रत्नागिरीला बी.ए. करते. ती म्हणते, ओन्ली क्रियापदाच्या आधीच येतो, तू बरोबर लिहिलंस. भाचा म्हणतो, ओन्ली शेवटी लिहायचा. मला आता हा शब्द लिहायचीच भीती बसली आहे. सोबत आमचं दरपत्रक आणि फाटकावर लावायच्या पाटीचा मजकूर पाठवते. पाटी रंगवायला द्यायची आहे. एकदा नजर टाकाल का?

ताई,

तुमच्या मुलीचं चुकलेलं नाही, हे आधी लिहिते. इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा आहे ते लोक बोलताना ओन्ली क्रियापदाच्या आधी टाकून मोकळे होतात. 'आय ओन्ली वॉन्ट टी' म्हटल्यावर त्याला चहाच हवाय हे कुणालाही कळतं, कारण बोलणाऱ्याचा आवाज 'टी'वर चढलेला असतो. तुम्ही तुमचं वाक्य फोनवर बोलला असतात आणि वारांवर जोर दिला असतात, तर ते कुटुंब शुक्रवारी दुपारी तुमच्या पडवीत सोलकढी पीत बसलं असतं. पण तुम्ही लिहिलंत. लिहिलेल्या वाक्यात आवाज वाचणाऱ्याचा असतो. त्यांनी 'फिश'वर जोर देऊन वाचलं आणि त्यांना मासेच मासे दिसले. शाकाहारी माणसाचं लक्ष त्याच शब्दावर जाणार, त्यात त्यांचीही चूक नाही.

या एका शब्दाच्या जागेवरून इंग्रजीत अडीचशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी 1760च्या दशकात व्याकरण लिहिताना 'आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स' हे वाक्य चूक ठरवलं. तीनच शब्द बोललो असं म्हणायचं तर ओन्ली 'थ्री'ला लागून हवा, असं त्यांचं म्हणणं. 1926 साली इंग्रजी शब्दांच्या वापरावरचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी उलट बाजू घेतली. जिथे गैरसमज व्हायची शक्यताच नाही तिथे बोलण्यातली सवयीची जागा सोडायला लावू नका, असं त्यांचं मत. मी शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि मला दोघांचंही पटतं. बोलताना फाउलर, लिहिताना लाउथ. त्यातही पैसे, वेळ, खाणं आणि जिवाचा प्रश्न असेल तिथे लाउथच.

तर ओन्ली नेमका कुठे लिहायचा? यासाठी तुम्हाला इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडायची गरज नाही, कारण उत्तर तुमच्या तोंडात आहे. वाक्य आधी मराठीत म्हणा आणि च कुठल्या शब्दाला चिकटलाय ते बघा. 'आम्ही मासे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारीच देतो.' च वाराला चिकटला. मग इंग्रजीत ओन्ली त्या वारांच्या लगेच आधी: 'वी सर्व्ह फिश ओन्ली ऑन वेन्सडेज, फ्रायडेज अँड संडेज.' त्या कुटुंबाने वाचलं ते वाक्य मराठीत 'त्या दिवशी आम्ही मासेच देतो' असं झालं असतं. मराठीत या दोन वाक्यांची गल्लत होऊच शकत नाही, कारण आपला च ज्या शब्दाचा आहे त्याला घट्ट धरून बसतो. व्याकरणात याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, शब्दाचं रूप जराही न बदलता त्याला जोडलं जाणारं. (मराठीच्या व्याकरणाचा मोठा ग्रंथ 1911 साली ज्यांनी लिहिला ते मोरो केशव दामले हे आपल्या मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे भाऊ. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही मालगुंडचं स्मारक दाखवत असाल, तेव्हा हेही सांगा.)

एक वाक्य घेऊन बसू. 'जावेने काल दोन बांगडे तळले.' यात च फिरवून बघा.

जावेनेच काल दोन बांगडे तळले. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी तळले नाहीत. इंग्रजीत ओन्ली वाक्याच्या तोंडाशी, जावेच्या आधी.

जावेने काल दोनच बांगडे तळले. माणसं पाच आणि बांगडे दोन, असं काहीतरी झालं असणार. ओन्ली 'टू'च्या आधी.

जावेने कालच दोन बांगडे तळले. म्हणजे फार दिवस झालेले नाहीत, आज पुन्हा कशाला? ओन्ली 'यस्टर्डे'च्या आधी.

आता च क्रियापदाला लावा: जावेने काल दोन बांगडे तळलेच. अर्थ एकदम दुसरीकडे गेला की नाही? नको नको म्हणताना तिने तळले, असा झाला. फक्त तळले, कालवण केलं नाही, असं म्हणायचं असेल तर आपण च वापरतच नाही, 'नुसते तळले' म्हणतो. इंग्रजीत मात्र त्या 'नुसते'लाही ओन्लीच, आणि त्याची जागा क्रियापदाच्या आधी. म्हणून 'माय सिस्टर-इन-लॉ ओन्ली फ्राइड टू बांगडाज यस्टर्डे' असं लिहिलंत तर एक वाचणारा 'दोनच' समजेल, दुसरा 'नुसते तळले' समजेल, तिसरा 'बांगडेच, सुरमई नाही' असं समजेल. क्रियापदाच्या आधीची जागा म्हणजे तीन रस्त्यांचा तिठा आहे. बोलताना आवाज बोट दाखवतो, लिहिताना तिथे कुणी उभं नसतं.

आता तुमच्या भाच्याचं. ओन्ली शेवटी लिहायचा हे त्याला कुठून सुचलं ते मला ठाऊक आहे, कारण आपण सगळेच तसं बोलतो. 'ही इज लाइक दॅट ओन्ली.' 'आय ॲम हिअर ओन्ली.' मूळ मराठी बघा: तो असाच आहे, मी इथेच आहे. च शब्दाच्या मागे चिकटतो म्हणून त्याचा ओन्लीही मागे गेला. आपापसात असं बोलायला माझी काही हरकत नाही. समजतं, आणि त्यात आपल्या भाषेचा गोडवाही आहे. पण परक्या माणसाला लिहिताना अडतं, आणि ते नुसत्या जागेमुळे अडत नाही. ओन्ली हा शब्द 'वन'पासून आला आहे. एवढं एक, बाकीचं वगळा, एवढंच काम तो करतो. आपला च ते करतोच, शिवाय जोरही देतो. 'मी इथेच आहे' म्हणताना तुम्ही बाकीची गावं वगळत नसता, पाहुण्याला धीर देत असता. तिथे इंग्रजीत 'आय ॲम राइट हिअर' हवं. 'तो असाच आहे' याला 'दॅट्स जस्ट हाउ ही इज'. 'आलेच' याला 'जस्ट कमिंग'. 'आधी कळवायलाच हवं' याला 'मस्ट'. 'मीच केलंय' याला 'मायसेल्फ'. म्हणजे च सापडला की एकदा स्वतःला विचारायचं, मी बाकीचं वगळतेय की जोर देतेय? वगळत असाल तर ओन्ली, जोर देत असाल तर दुसरा शब्द शोधायचा.

भाच्याच्या बाजूने एक सांगायला हवं. छोट्या पाटीवर ओन्ली शेवटी येतो आणि तो पूर्ण बरोबर असतो. 'कॅश ओन्ली', 'लेडीज ओन्ली', 'गेस्ट पार्किंग ओन्ली'. तिथे आख्खं वाक्य नसतंच, एक नाम आणि मागे ओन्ली, त्यामुळे घोटाळ्याला जागा नाही. विहिरीजवळ 'ड्रिंकिंग वॉटर ओन्ली' लिहिलंत तर ते उत्तम.

आता दरपत्रक. 'डबल रूम रुपीज 2,500 ओन्ली' यातला ओन्ली काढा. चेकवर अक्षरी रकमेच्या पुढे तो लिहितात ते कुणी मागे आणखी शब्द वाढवू नयेत म्हणून. आपल्या पावतीवर 'अक्षरी रुपये अमुक फक्त' किंवा 'मात्र' असतं, त्याचंच ते भावंड. दरपत्रकावर रक्कम कुणी वाढवणार नसतं. तिथे बाहेरचा माणूस त्याचा अर्थ 'अवघे अडीच हजार' असा घेतो आणि सेलची जाहिरात वाचल्यासारखं त्याला वाटतं. तुमच्या स्वच्छ घराला ते शोभत नाही.

'ओन्ली आफ्टर ॲडव्हान्स रिसीव्ड बुकिंग विल कन्फर्म' हे वाक्य उलटं करा. इंग्रजीत 'ओन्ली आफ्टर'ने सुरुवात केली की पुढचं सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणावं लागतं, 'विल द बुकिंग बी कन्फर्म्ड' असं. मुलीला ते जमेल, पण घाईत कुणाचंही चुकतं. सरळ लिहा: 'द बुकिंग इज कन्फर्म्ड ओन्ली आफ्टर वी रिसीव्ह द ॲडव्हान्स.' च 'मिळाल्यावरच'ला चिकटलाय, ओन्ली 'आफ्टर'च्या आधी. झालं. पैसे परत करण्याच्या अटीतही हीच काळजी घ्या. तिथे तुम्ही 'इफ ओन्ली यू कॅन्सल सेव्हन डेज बिफोर' लिहिलंय. तुम्हाला 'कळवलंत तरच' म्हणायचंय, म्हणून 'ओन्ली इफ' हवं. 'इफ ओन्ली' म्हणजे 'असं झालं असतं तर किती बरं झालं असतं', हळहळीचा शब्द तो.

आंब्याच्या ओळीवर मात्र जरा थांबायला हवं. तुम्ही लिहिलंय, 'ओन्ली वी सेल ओरिजिनल हापूस.' याचा अर्थ असा होतो की अस्सल हापूस जगात फक्त आम्हीच विकतो, शेजारचे विकतात तो नकली. असं तुम्हाला म्हणायचं नाही, हे मला माहीत आहे. 'वी ओन्ली सेल हापूस' केलंत तर 'आम्ही नुसता विकतो, पिकवत नाही' असाही वास त्याला येतो, आणि तुमच्या तर स्वतःच्या बागेतली फळं आहेत. तुमचं मराठी वाक्य मला वाटतं असं आहे: आम्ही आमच्याच झाडांचा हापूस विकतो. च 'आमच्या'ला आहे. म्हणून 'वी सेल हापूस ओन्ली फ्रॉम अवर ओन ट्रीज.' ही ओळ वाचून पाहुणा पेटी मागवील, कारण त्यात त्याला हवी ती माहिती आहे. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या फळाला. त्या मानांकनाचा सगळा जीव 'याच पाच जिल्ह्यांतला' यातल्या च मध्ये आहे. तो च दुसऱ्या शब्दावर सरकला तर बागाइतदाराच्या हातात काय राहिलं?

लहान मुलांची ओळ: 'चिल्ड्रन ओन्ली अप टू फाइव्ह इयर्स फ्री'. कळतं, पण ओन्ली लागतच नाही. 'चिल्ड्रन अंडर फाइव्ह स्टे फ्री' पुरे. आणि जेवणाच्या ओळीतही खरं औषध ओन्ली हलवण्यापेक्षा पुढे एक वाक्य जोडण्यात आहे: 'व्हेजिटेरियन मील्स आर अवेलेबल एव्हरी डे.' हे एवढं लिहिलं असतंत तर ओन्ली कुठेही असता तरी ते कुटुंब आलं असतं. माणसाला काय मिळणार नाही यापेक्षा काय मिळेल ते आधी हवं असतं.

आता पाटी. तुमच्या पत्रातलं बाकी सगळं पैशाचं आणि गैरसमजाचं आहे, ते निस्तरता येतं. पाटी वाचल्यावर मात्र मी पत्र बाजूला ठेवून लगेच उत्तर लिहायला बसले.

तुम्ही लिहिलंय: 'ड्युरिंग लो टाइड डोन्ट गो इन वॉटर ओन्ली.' मूळ मराठी उघड आहे, ओहोटीला पाण्यात उतरूच नका. हा च जोराचा आहे, आणि नकाराबरोबरचा जोराचा च म्हणजे 'मुळीच', 'अजिबात'. इंग्रजीत त्याला 'ॲट ऑल' म्हणतात, ओन्ली कधीच नाही. दिल्लीचा किंवा परदेशातला पाहुणा तुमचं वाक्य वाचून गोंधळेल, हे झालं कमी वाईट. जास्त वाईट असं की कुणीतरी ते सुधारायला जाईल. तुमची मुलगी, पाटी रंगवणारा किंवा एखादा पाहुणा ओन्ली उचलून 'ड्युरिंग'च्या आधी ठेवील, कारण व्याकरणाने तिथे तो चपखल बसतो. मग पाटी म्हणेल: 'डोन्ट गो इन द वॉटर ओन्ली ड्युरिंग लो टाइड.' म्हणजे ओहोटीलाच उतरू नका, इतर वेळी खुशाल उतरा. उतरूच नका आणि ओहोटीलाच उतरू नका. च एका शब्दावरून दुसऱ्यावर गेला आणि जुलैतल्या भरतीच्या समुद्रात उतरायला तुमच्याच फाटकावर परवानगी मिळाली.

आपल्याला हे शिकवावं लागत नाही. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं, हे किनाऱ्यावरच्या पोराला चालता येतं तेव्हापासून माहीत असतं. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, हेही. आपले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ अंदाजाने सांगतात, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पाहुण्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला समोर शांत पाणी दिसतं आणि हातात तुमची पाटी असते. म्हणून पाटीवर ओन्ली नको, वेळही नको, कारण रंगवलेली वेळ दुसऱ्या दिवशी खोटी ठरते. छोटी वाक्यं लिहा, प्रत्येकात एकच गोष्ट, आणि नकार वाक्याच्या सुरुवातीलाच.

मजकूर असा करा:

'डेंजर. डू नॉट एंटर द सी ॲट लो टाइड. डू नॉट एंटर द सी ॲट ऑल फ्रॉम जून टू सप्टेंबर. आस्क अस बिफोर यू गो टू द वॉटर.'

रोमन अक्षरांतला मजकूर मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टपालाने वेगळा पाठवते. रंगवणाऱ्याला फोनवरून सांगू नका, तो कागदच हातात द्या, आणि रंग चढवण्याआधी खडूने आखलेली पाटी स्वतः वाचून घ्या. वर मराठी ओळ तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवी, कारण पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे तीच वाचणार: 'ओहोटीला पाण्यात उतरूच नका. पावसाळ्यात तर कधीच नाही.' त्यातला 'उतरूच' लाल रंगात काढायला सांगा.

बंगळूरुच्या त्या कुटुंबालाही एकदा लिहा. आमच्याकडे शाकाहारी जेवण रोज असतं, मागच्या वेळी माझ्या वाक्यामुळे तुमचा गैरसमज झाला, एवढंच. पुढच्या मे महिन्यात येतीलही.